डाव्या बाजूची पदकं

टेबलामागच्या बाईनं काही न विचारताच गुलाबी रिबिनीचा बिल्ला उचलला आणि नकोशीच्या हातात ठेवला. बिल्ल्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं : वीरपत्नी.

"हा माझा न्हाय," नकोशी म्हणाली.

बाईनं यादीवरून बोट फिरवलं. "नकोशी भिवा शिंगाडे, शेळगाव. ही काय, हाय की हितं. वीरमाता आन् वीरपत्नींच्या पानावर हाय. आत गेल्यावर उजव्या हाताच्या खुर्च्यांवर बसा. साडी आन् नारळ स्टेजवर बोलावून देत्याल."

"अहो, माझं लग्नच झालं न्हाय. नवरा शहीद कुठनं आणू?"

बाई गोंधळली. नकोशीच्या मागं रांग वाढत होती. लग्नाच्या मांडवात विचारतात तसं तिनं विचारलं, "मग तुमी कुणाकडनं आलाय?"

"माझ्याकडनं," नकोशी म्हणाली, आणि बिल्ला टेबलावर परत ठेवून आत गेली.

इंदापुरातलं ते मंगल कार्यालय त्या दिवशी भगव्या, पांढऱ्या, हिरव्या पडद्यांनी सजवलं होतं. कारगिलच्या लढाईला पंचवीस वर्षं झाली म्हणून तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेनं मोठा कार्यक्रम ठेवला होता. तहसीलदार येणार होते, पुढारी येणार होते, शाळांची बँडपथकं बाहेर उन्हात घामाघूम होऊन उभी होती. बायका जरीच्या साड्यांत आल्या होत्या. नकोशीनं मोतिया रंगाची साधी साडी नेसली होती, वर गडद निळा ब्लेझर घातला होता आणि ब्लेझरच्या डाव्या खिशावर आठ पदकांची पट्टी लावली होती. सकाळी आरशासमोर तिनं ती पट्टी तीनदा काढून पुन्हा लावली होती. पट्टी रेसभर तिरकी झालेली तिला खपत नसे.

शेळगावच्या भिवा शिंगाड्याला तीन मुलींच्या पाठीवर चौथी मुलगी झाली, तेव्हा तो मेंढरं घेऊन घाटाकडं गेला होता. निरोप पोचला तसा त्यानं उलटा निरोप धाडला, "नाव नकोशी ठेवा. देवाला कळू द्या." देवाला कळलं असावं, कारण पुढच्या खेपेला बिरू झाला. नाव लागू पडलं असं सगळ्यांनी म्हटलं आणि नकोशीचं काम तिथंच संपलं. ती घरात होती, पण उंबऱ्यासारखी. ओलांडायची सोडून कुणी तिच्याकडं बघत नसे.

दहावीला ती तालुक्यात मुलींत दुसरी आली. शाळेतल्या बाईंनी पेपरातली जाहिरात कापून तिच्या वहीत ठेवली. लष्करी दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण, राहणं-खाणं सरकारी, शिकून झालं की अधिकारी म्हणून नेमणूक. त्यासाठी बारावी करावी लागली. ती तिनं रोज चार कोस पायी जाऊन केली. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा भिवा खांद्यावरची घोंगडी सारखी करत म्हणाला, "जा. हितं तरी कोन तुझी वाट बघतंय?" पुढं तिला कळलं की बापानं ते रागानं म्हटलं नव्हतं. खरं होतं तेच त्यानं सांगितलं होतं.

फौजेत तिचं नाव कुणाला कळत नव्हतं, हे तिचं पहिलं सुख. पंजाबातल्या, केरळातल्या, मणिपूरच्या मुलींना 'नकोशी' हे एखाद्या नदीचं नाव वाटे. शिक्षण संपलं, खांद्यावर दोन तारे आले, आणि त्याच दुपारी दवाखान्याच्या फाटकावरच्या संत्रीनं टाच आपटून सॅल्यूट ठोकला. नकोशीनं मागं वळून पाहिलं, की मागून कुणी साहेब येतोय का? मागं कुणीच नव्हतं. मग तिनं उलटा सॅल्यूट केला. हात कपाळापाशी गेला तो जरा उशिरा खाली आला, कारण तेवढ्या वेळात तिच्या आत काहीतरी कायमचं जागेवर बसलं. ती लेफ्टनंट शिंगाडे झाली. पस्तीस वर्षांनी लेफ्टनंट कर्नल शिंगाडे म्हणून निवृत्त झाली.

मधल्या काळात एकदा ती सुट्टीवर आली असताना तालुक्यावरनं कुणी अधिकारी बाई गावात आल्या होत्या. नकोशी नावाच्या मुलींची नावं बदलायची मोहीम होती. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला होता. एकीची ऐश्वर्या झाली, एकीची पूजा. हिच्यापाशी येऊन बाई म्हणाल्या, "ताई, तुम्हीही छानसं नाव निवडा." नकोशी म्हणाली, "मॅडम, याच नावानं माझं फौजेतलं कमिशन निघालंय. त्याच्यावर राष्ट्रपतींची सही हाय. आता ज्याला नको असंल त्यानं दुसरीकडं बघावं. मी न्हाय बदलत."

अशी ही बाई. निवृत्त झाल्यावर तिनं भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या. पहाटे पाचला उठणं, चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली खोचणं, बुटांना पॉलिश, हे चालूच होतं. गाव तिला 'नर्स आक्का' म्हणे. दवाखान्यात नोकरीला होती, एवढंच गावाला ठाऊक. कुणी ब्लडप्रेशर बघायला येई, कुणी कारखान्याच्या पट्ट्यात सापडलेलं बोट घेऊन येई. ती सगळ्यांचं करी. आक्का म्हटल्याचं तिला वाईट वाटलं नाही. ती गावाचीच होती.

पण आज गोष्ट वेगळी होती. आज फौजेतल्या माणसांना फौजेतली माणसं बोलावत होती.

आत ती सरळ डाव्या बाजूला गेली. तिथं 'माजी सैनिक' अशी पाटी होती. पहिल्या ओळीतल्या एका खुर्चीजवळ ती पोचते न पोचते तोच समोर सुभेदार महिपती जाधव उभे राहिले. हे संघटनेचे अध्यक्ष. सत्तरीचे, ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र, डोक्यावर कडक गांधी टोपी आणि छातीवर पदकं. त्यांनी आधी नकोशीच्या पदकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि आवाज खाली घेऊन, समजुतीनं म्हणाले, "बाई, चूक झालीय जरा. मालकाची पदकं उजव्या अंगाला लावत्यात. डाव्या अंगाला ज्याची त्यानं लावायची असत्यात. वाईट वाटून घेऊ नका, कुणी सांगितलं नसंल तुमाला."

"मला ठाऊक हाय, साहेब," नकोशी म्हणाली. "म्हणूनच डावीकडं लावलीत."

सुभेदारांनी विचारलं, "म्हंजे?"

"माझी हायत. लेफ्टनंट कर्नल नकोशी शिंगाडे, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. पस्तीस वर्षं."

आसपासच्या पाचसहा जणांनी माना वळवल्या. सुभेदारांचा चेहरा एकदम बंद झाला. नकोशीला तो चेहरा ओळखीचा होता. चुकीचा हुकूम दिल्यावर आणि तो मागं घेता येत नसल्यावर माणसाचा असा चेहरा होतो.

"असंल," ते म्हणाले. "नर्सिंगला लई मान हाय आमचा. पर ही रांग लढलेल्यांची हाय. आमी बंदूक हातात धरलीय, बाई. तुमी तिकडं बसा. तितंबी मानाच्याच खुर्च्या हायत."

"कारगिलच्या वेळी तुमी कुठं होता, साहेब?"

प्रश्न तिनं शांतपणे विचारला होता. त्यात खोच नव्हती. पण सुभेदारांचे कान लाल झाले. ते तेव्हा मध्य प्रदेशातल्या एका ट्रेनिंग सेंटरला होते, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ते माहीत होतं.

"मी श्रीनगरला होते," नकोशी म्हणाली. "बेस हॉस्पिटलात. हेलिकॉप्टर उतरलं की आमी पळायचो. पोरांच्या पायातले बूट निघायचे न्हाईत, पाय सुजलेले, रगत गोठलेलं. कात्रीनं कापायचे. त्या फौजी बुटांचं चामडं कापून कापून माझ्या अंगठ्याचं सालपट निघालं होतं. त्याच्यावर चिकटपट्टी लावून पुढचा बूट कापायचा. बंदूक न्हवती माझ्या हातात, खरंय. ज्यांच्या हातात होती ते माझ्या हातात होते."

माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. सुभेदार तिकडं निघून गेले, आणि जाताना एका स्वयंसेवकाला नकोशीकडं बोट दाखवून काहीतरी सांगून गेले. स्वयंसेवक आला, हात जोडले आणि पलीकडच्या खुर्च्या दाखवल्या. ती हलली नाही.

तेवढ्यात पलीकडच्या खुर्च्यांतून एक बाई उठून आली. वरकुट्याची जयवंता. वय पन्नाशीचं, रंग उन्हानं रापलेला, पदर डोक्यावर, आणि उजव्या अंगाला, ब्लाउजला टाचणीनं अडकवलेली दोन पदकं. तिचा नवरा त्या लढाईतच गेला होता. ती नकोशीच्या पुढ्यात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय वं, आमच्यात बसायची लाज वाटती व्हय? इधवांच्यात?"

सुभेदारांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते या प्रश्नानं झालं. नकोशीला ते लागलं. या बाईला दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं, आणि तरी दुखवलं होतं. ती दोन पावलं पुढं झाली.

"लाज न्हाय, बाई. ती जागा तुमाला तुमच्या मालकानं जीव देऊन दिलीय. मी तितं बसले तर ती फुकटात घेतल्यासारखं हुईल. माझं कुणी गेलं न्हाय. कुणी नव्हतंच जायला. मी सोता गेले आन् सोता परत आले. मग मी खोटं दुःख लावून तुमच्या मांडीला मांडी लावून कशी बसू?"

जयवंतानं तिच्या पदकांकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमी श्रीनगरला होता म्हणालात. आमचे ह्ये तितं आणले हुते का?"

"कोणती तारीख?"

जयवंतानं तारीख सांगितली. पलटणीचं नाव सांगितलं. नकोशीनं आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवसांत इतके आले होते, आणि नावं गळ्यातल्या बिल्ल्यावर असत. चेहऱ्यावर फक्त चिखल आणि दाढी. खोटं सांगितलं असतं तर या बाईला बरं वाटलं असतं. "मला आठवत न्हाय," ती म्हणाली. "आणले असतील तर एकटे न्हवते, एवढं सांगते. आमच्यातली एक जण प्रत्येकाजवळ असायची. शेवटपतूर."

जयवंतानं मान हलवली. पदराचं टोक एकदा डोळ्याला लावलं. मग ती त्या स्वयंसेवकाकडं वळली. "काय रं, टकामका काय बघतूयास? बाईला पाणी आण. आन् ही खुर्ची सरळ कर." असं म्हणून ती आपल्या जागेवर गेली.

नकोशी बसली. शेजारच्या खुर्चीवरच्या मोहनराव नावाच्या फौजेतल्या जुन्या ड्रायव्हरनं न बोलता आपली काठी दुसऱ्या बाजूला घेतली आणि तिला जागा करून दिली.

कार्यक्रम सुरू झाला. हार, दीप, भाषणं. मग सत्कार. निवेदक यादी वाचत होता. जयवंता गेली, साडी-नारळ घेऊन आली. पुढचं नाव आलं, "वीरपत्नी श्रीमती नकोशीताई शिंगाडे, शेळगाव."

नकोशीच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, बिरू उभा होता. तिचा भाऊ. कार्यक्रमाचा फॉर्म त्यानंच भरला होता. तो पुढं वाकून कुजबुजला, "आक्का, जा की गं. नाव तर घेतलंया. घे नारळ आन् ये. कशाला लोकांत तमाशा?"

"तमाशा त्यांनी मांडलाय," नकोशी म्हणाली आणि उठली.

स्टेजच्या पायऱ्या चढताना तिचे बूट वाजले. तहसीलदार साडीचा बॉक्स घेऊन पुढं आले. तिनं हात जोडले, पण बॉक्स घेतला नाही. "साहेब, माफ करा, ही माझी न्हाय. मला दोन वाक्यं बोलायची आहेत." तहसीलदारांनी सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदार दुसरीकडं पाहत राहिले. तोपर्यंत तिनं निवेदकाच्या हातातला माईक घेतलाही होता. ओढून नाही, वॉर्डात नर्स पेशंटच्या हातातला थर्मामीटर घेते, तसा.

"मी लेफ्टनंट कर्नल नकोशी भिवा शिंगाडे," ती म्हणाली. आवाज परेड मैदानावरचा निघाला, तिला स्वतःलाच ते जाणवलं. "मी कुणाची पत्नी न्हाय. मी शहीद न्हाय, मी वीर हाय का न्हाय ते मला माहीत न्हाय. मी फौजी हाय. पस्तीस वर्षं मला कुणी विचारलं न्हाय की तू कुणाकडनं आलीस. हितं माझ्या तालुक्यात विचारलं, म्हणून सांगते. यादी दुरुस्त करा. मला सत्कार नको. माझं नाव बरोबर जागी लिहा."

माईक परत दिला आणि ती खाली उतरली. लगेच टाळ्या वाजल्या नाहीत. मग बायकांच्या बाजूनं जयवंता एकटीच टाळ्या वाजवू लागली, मग तिच्या शेजारच्या दोघी, आणि मग पुरुषांच्या मागच्या ओळींतून काही तरुण माजी सैनिक. पुढच्या ओळी तशाच बसून राहिल्या. निवेदकानं घाईघाईनं पुढचं नाव घेतलं.

परतीच्या वाटेवर बिरू मोटरसायकल चालवत होता. शेळगावच्या फाट्यापाशी त्यानं गाडी थांबवली.

"मी चुकीचं केलं का गं? त्या कारकुनानं विचारलं, बाई हाय मंजी पत्नी का माता? म्या म्हनलं दोन्ही न्हाय. त्यो म्हनला मग तिसरा रकाना न्हाय. म्हनून म्या पयल्यावर बोट ठिवलं. म्हनलं, नाव तर यादीत जाईल. त्येवढंच बघितलं."

नकोशीला त्याचा राग आला नाही. आयुष्यभर त्यानं तिच्यासाठी हेच केलं होतं. जिथं जागा दिसेल तिथं तिला बसवायचं. "तू फॉर्म भरलास तेच लई झालं, बिरू," ती म्हणाली. "पर फुडल्या वेळी तिसरा रकाना आपन पेनानं आखायचा. चल."

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी सकाळी संघटनेची बैठक होती. नकोशीला बोलावणं नव्हतं. ती एसटीनं गेली. एका जुन्या गाळ्यात वीसबावीस माणसं लोखंडी खुर्च्यांवर बसली होती, चहा फिरत होता. ती दारात उभी राहिली तशी बोलणी थांबली. तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेली कागदपत्रं काढली. कमिशनचा कागद, निवृत्तीचा आदेश, ओळखपत्र. सगळं सुभेदारांच्या पुढ्यात मांडलं.

सुभेदारांनी एकेक कागद चष्मा लावून वाचला. घाई केली नाही. शेवटी ड्रॉवरमधनं रजिस्टर काढलं, पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं : लेफ्टनंट कर्नल नकोशी भिवा शिंगाडे (नर्सिंग).

नकोशीनं वाकून पाहिलं. "साहेब, तुमच्या नावापुढं कंसात काय लिहिलंय?"

"काय न्हाय."

"मोहनरावांच्या नावापुढं ड्रायव्हर लिहिलंय?"

"न्हाय."

"मग माझ्याबी काढा."

एक माणूस खोकला. सुभेदारांनी पट्टी घेतली, आणि कंसावर एक सरळ रेघ मारली. बाजूला छोटी सही केली, फौजी कारकुनीच्या रीतीनं. मग खुर्ची मागं सरकवून ते उभे राहिले. गुडघा दुखत होता, टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"त्या दिवशी म्या बोललो," ते म्हणाले, "ते चुकलं असं म्या अजून म्हनत न्हाय. लढणारा तो लढणारा. पर हुद्दा तो हुद्दा. त्यो म्या नाकारणार न्हाय." आणि टेबलाचा आधार सोडून, सत्तर वर्षांच्या कण्याला जेवढं जमलं तेवढं ताठ होऊन, त्यांनी सॅल्यूट केला.

नकोशीनं उलटा सॅल्यूट केला. या खेपेला तिचा हात वेळेवर खाली आला.

"तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा, साहेब," ती म्हणाली. "मी दर महिन्याला येणार हाय. वाद घालायला बख्खळ वेळ हाय आपल्याला."

मागनं मोहनरावांनी चहाचा कप पुढं केला आणि अवघडून विचारलं, "मग आमी म्हनायचं काय तुमाला? आक्का का मॅडम?"

"गावात आक्का," तिनं कप घेतला आणि पुढच्या रांगेतली एक रिकामी खुर्ची ओढली. "हितं कर्नल."